मारोती कंडक्टरची चौकशी

आम्ही बौद्ध माणसं, सोयरिकीत पत्रिका पाहत नाही. त्याऐवजी आमच्या नात्यागोत्यात मारोतीमामांना पाठवायची पद्धत पडली होती. मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ, एसटीतले निवृत्त कंडक्टर. दारव्ह्यात अजूनही त्यांना मारोती कंडक्टर म्हणूनच ओळखतात. मुलगा असो की मुलगी, मामांनी चौकशी करून 'पक्कं' म्हटलं की घरचे कपड्यांच्या खरेदीला लागत. मामा नुसते 'हूं' म्हणाले की दुसरं स्थळ पाहायला लागत. त्या 'हूं'चा अर्थ विचारायची कोणाची छाती नव्हती.

ही विद्या त्यांना गाडीत मिळाली. "बिनतिकिटाचा माणूस मले बसल्या जागी कळते," ते सांगायचे. "तो खिडकीबाहेर जास्त पाहते. ज्याले खरंच वावरं पाहाची हौस आहे, तो मधामधात आतही पाहते."

चौकशीला जाताना मामा स्वतःचं नाव सांगत नसत. कधी भाड्याची खोली शोधणारे होत, कधी म्हैस विकत घेणारे. त्यांचा नियम एकच होता. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांना विचारायचं. तिन्ही तोंडांतून एकच गोष्ट निघाली तर माणूस खरा, वेगवेगळ्या निघाल्या तर माणूस खोटा. बँकेत आहे असं सांगणारा एक मुलगा त्यांनी बँकेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पकडला होता. ज्या मुलीचं ते स्थळ मोडलं, ती आज पुसदला सुखात नांदते आणि मामांचं नाव निघालं की हात जोडते.

माझं बसस्टँडजवळ शिवणकामाचं दुकान आहे. मी आणि माझी मुलगी प्रेरणा, दोघी मिळून चालवतो. दोन वर्षांपूर्वी प्रेरणाला पुसदचं एक स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडला होता, हे तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. मामा एकटेच पुसदला जाऊन आले. "दारू पेते. पानवाल्यानं सांगतलं," एवढंच म्हणाले. आम्ही नकार कळवला. प्रेरणा आठ-पंधरा दिवस कमी बोलली, मग पूर्ववत झाली. मामांचा शब्द होता, त्यापुढे काय बोलायचं?

संशय मामांच्या अंगात पहिल्यापासूनच. अलीकडे मात्र तो जरा उतू जायला लागला होता. दूधवाला आपल्याच घरी पातळ दूध घालतो म्हणायचे. शेजारचा पोरगा भिंतीला कान लावतो म्हणायचे. चष्मा सापडला नाही की मथुरामामीनं लपवला म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा उशीखाली ठेवून झोपायचे, कारण काय तर कोणीतरी त्याच्यावर टपलेलं आहे. आम्ही सगळे हसायचो. कंडक्टर निवृत्त झाला, पण तपासणी चालूच आहे, असं मीच एकदा म्हणाले आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसले.

मागच्या पावसाळ्यानंतर मामांच्या धाकट्या मुलासाठी, संघदीपसाठी, स्थळ आलं. संघदीप पुसदला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. स्थळ आणलं उत्तमसिंगभाऊंनी. ते मामांच्याच गाडीचे ड्रायव्हर होते, उभा जन्म दोघांनी एका गाडीत काढला. मुलगी मारेगावची, नाव रुपाली, वडील पोस्टात. मुलगी मेंदूच्या शास्त्रात पीएचडी करते, असं उत्तमसिंगभाऊंनी सांगितलं आणि मामांच्या कपाळाला आठी पडली.

"म्हंजे डॉक्टर?"

"डॉक्टर नाई रे. मेंदूचा अभ्यास करून राह्यली. लकवा मारलेल्या माणसाचा हात पुन्हा कसा हलते, ते पाहून राह्यली."

"मंग डॉक्टरच ना?"

"नाई बावा. तिची संस्था दूर आहे. तेथचा कायदा असा का, मेंदू शिकणाऱ्यानं नुसता मेंदू शिकाचा नाई. वर्षभर दुसऱ्या दुसऱ्या लोकाईत जाऊन राह्याचं. डॉक्टर, इंजिनेर, मास्तर, सगळ्याईजवळ. तिनं आपलाच जिल्हा मागून घेतला. यवतमाळले आहे सध्या."

संघदीप तिला एकदा भेटून आला होता, वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं. परत आला तेव्हापासून त्याचं लक्ष जागेवर नव्हतं. मामांनी ते हेरलं होतंच. "पोरगा भुलला म्हंजे चौकशी दुप्पट करा लागते," ते म्हणाले.

या वेळी मामीनं हट्टच धरला की मी सोबत जावं. मामांचे गुडघे दुखतात, जीपमध्ये चढवत नाही, असं कारण सांगितलं. गुडघे तर माझेही दुखतात. पण मामीचा चेहरा पाहून मी दुकान प्रेरणावर टाकलं आणि निघाले. खरं सांगायचं तर मलाही त्या मुलीचा भरवसा वाटत नव्हता. एवढं शिकलेली मुलगी आमच्या संघदीपला कशाला हो म्हणेल? दाल में कुछ काला असणारच.

पहिल्यांदा आम्ही ती जाते त्या दवाखान्यात गेलो. मामा पेशंटचे नातेवाईक झाले. दारावरच्या वॉचमनशी तंबाखू मळता मळता त्यांनी विषय काढला.

"रुपाली मॅडम? त्या डॉक्टर नाईत," वॉचमन म्हणाला. "लकव्याच्या पेशंटजवळ बसून राह्यतात. गोळी नाई, सुई नाई. बोटं हलवाले लावतात, अन् पाहत बसतात."

"हूं," मामा म्हणाले. वॉचमन एवढंच बोलला. मी तिथंच उभी होते, हे ध्यानात ठेवा.

तिथून इंजिनिअरिंग कॉलेज. तिथं मामा भाच्याच्या प्रवेशाची माहिती काढायला आलेले. प्रयोगशाळेतला माणूस गप्पिष्ट निघाला. "त्या मॅडम होय? दुसऱ्या वर्षाच्या पोट्ट्यांसंग बसून सोल्डरिंग शिकून राह्यल्या. वायरी लावलेला हातमोजा बनवतात म्हणे. बनते कायचा, परवा बोट भाजून घेतलं."

बाहेर टपरीवर चहा पिताना मामांचा निकाल जवळजवळ झालाच होता. "एक ना धड, भाराभर चिंध्या. डॉक्टर म्हणाव तं डॉक्टर नाई. इंजिनेर म्हणाव तं पोरासोराईच्या वर्गात बसते. मोठी पीएचडीवाली. दोन तोंडं झाली, दोन गोष्टी झाल्या."

"तिसरं तोंड राह्यलं, मामा," मी म्हणाले.

"ते कोणतं?"

"विशेष मुलांची शाळा. उत्तमसिंगभाऊनं सांगतलं होतं ना."

"मले मालूम आहे," मामा खेकसले. "तुले मालूम आहे का नाई, ते पाह्यत होतो."

मला ते पटलं. मामा अशीच परीक्षा घ्यायचे.

शाळा गावाच्या कडेला होती. अंगणात कडुनिंबाखाली एक मुलगी एका लहान पोरासमोर बसली होती. पोरगं जाड दोऱ्यात मणी ओवत होतं. ती ओवून देत नव्हती, शिकवतही नव्हती, नुसती त्याच्या बोटांकडे पाहत होती. फोटोवरून मी तिला लगेच ओळखलं. मामांनी मला कोपर मारलं, म्हणजे त्यांनीही ओळखलं होतं. ती मात्र आम्हाला ओळखत नव्हती, निदान मला तेव्हा तसं वाटलं.

मामांनी ठरलेलं सोंग घेतलं. नातवाला शाळेत घालायचं आहे म्हणाले. बाई वर्गावर होत्या, म्हणून रुपालीनंच आम्हाला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

"नातवाचं नाव काय, आजोबा?"

"बादल. बोलत नाई तो."

"बाई येतीलच इतक्यात. त्यांनाच सांगा."

"तुमी मास्तरीण नाई काय येथं?"

"नाही हो. मी इथं शिकायला येते."

"काय शिकता?"

ती हसली. "पाहायला शिकते. मी मेंदूचा अभ्यास करते ना, तर मला वाटायचं सगळं मशीनमध्ये दिसेल. इथल्या बाई म्हणाल्या, आधी महिनाभर मशीन घरी ठेव, मूल चुकतं तेव्हा त्याचा हात कुठं अडतो ते पाहा."

तिसरं तोंड तिचं स्वतःचंच निघालं आणि तेही तिसरंच सांगत होतं. मास्तरीण नाही, डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. बायकांच्या जातीला एवढा वेळ नुसतं पाहत बसायला कोण देतं, असं माझ्या मनात आलं.

थोड्या वेळानं मामांनी विचारलं, "तुमी मास्तरीण आहे काय येथं?" तिनं पुन्हा तेच सांगितलं, तसंच हसून. मामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "त्या पोट्ट्यानं माहा गिलास पळवला." ग्लास त्यांच्या मांडीवर होता. मग त्यांनी तिला तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. मी मनात म्हटलं, वा रे मामा. वकील उलटतपासणीत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो, तसं चाललंय. ही मुलगी एकदा तरी घसरणार.

ती घसरली नाही. तिनं मामांकडे जरा वेळ पाहिलं, अगदी त्या मणी ओवणाऱ्या पोराकडे पाहत होती तसंच. मग हळू आवाजात विचारलं, "आजोबा, बादल कितवा नातू तुमचा?"

"कोण बादल?" मामा म्हणाले.

मी घाईघाईनं उठले. पुन्हा येऊ म्हणाले आणि मामांना फाटकाकडे घेऊन निघाले. ती माझ्यामागून आली.

"काकू, आजोबांना कधीपासून असं होऊन राह्यलं?"

"कसं?"

"मी डॉक्टर नाही, काकू. मला काही ठरवता येणार नाही. पण त्यांनी तीनदा एकच विचारलं अन् आधी विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हातातली वस्तू कोणी नेली वाटते काय त्यांना? घरच्यांवर संशय घेतात काय? कधी कधी रक्तात साधी कमतरता असते, औषधानं फरक पडतो. एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवून घ्या ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आली मोठी शहाणी. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याचे खोटे पकडले, त्याच्या डोक्यात ही खोट काढते. "त्याईचं डोकं तुह्यापेक्षा ठिकाणावर आहे," असं म्हणून मी फाटक जोरात लावलं.

परतीच्या जीपमध्ये मामा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "पोट्टीनं आपल्याले वळखलं." मलाही तेच वाटत होतं. तिनं ओळखलं आणि आपली पोल खुलायच्या आत मामांनाच वेडं ठरवायचा डाव टाकला. चोराच्या उलट्या बोंबा. दारव्हा येईपर्यंत माझी खात्रीच झाली होती.

रविवारी सकाळी मामांच्या घरी सगळे बसलो. मामा खुर्चीवर, उत्तमसिंगभाऊ त्यांच्या शेजारी, संघदीप दाराला टेकून उभा. मथुरामामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. मामांनी घसा साफ केला.

"पोरगी खोटी आहे," ते म्हणाले. "दवाखान्यातला वॉचमन म्हणे, तिले तेथून काढून टाकलं होतं. औषधं चोरली म्हणे तिनं. दोन खेप सापडली."

तो वॉचमन माझ्या डोळ्यांसमोर आला, त्याची तंबाखू, त्याचं बोलणं. चोरीचं एक अक्षर तो बोलला नव्हता. मामा मीठमिरची लावत असतील म्हणावं, तर त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ते अगदी स्वतः ऐकल्यासारखं सांगत होते.

संघदीप दारापासून पुढे आला. "बाबा, असं म्हणाला तो?"

"मी कायले खोटं बोलू? हंसा होती ना संग. विचार तिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मामांचा शब्द राहिला असता, ती मारेगावची मुलगी चोर ठरली असती आणि अशी गोष्ट मारेगावापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. नाही म्हटलं तर ज्या माणसाच्या शब्दावर पन्नास घरं उभी राहिली, त्याला त्याच्याच पोरासमोर मी खोटं पाडणार होते. माझ्या मामाला. आई गेल्यावर ज्यानं माझं बाळंतपण केलं, त्या मामाला.

मला पुसदचा तो पानवाला आठवला. त्या वेळी मामांसोबत कोणीच नव्हतं.

"नाई मामा," मी म्हणाले. "वॉचमन असं काईच बोलला नाई. ते डॉक्टर नाई, पेशंटजवळ बसते, एवढंच म्हणला तो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बिनतिकिटाच्या माणसाकडे पाहायचे तसं. "तू त्या पोट्टीले सामील झाली," ते म्हणाले. "कितीक दिवसापासून चालू आहे हे?"

तेवढ्यात उंबऱ्यातून मामीचा आवाज आला. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली होती.

"मागच्या दिवाळीत हे बाजारातून घरी आलेच नाई," ती म्हणाली. "उत्तमसिंगभाऊनं आणून सोडलं. स्टँडवर उभे होते, घर कोणीकडे ते सुचेना म्हणत. जन्म गेला त्या स्टँडवर." ती पदरानं डोळे पुसायला लागली. "मीच म्हणलं भाऊले, कोणाले सांगू नोका. कंडक्टर रस्ता चुकला म्हणून लोक हसतीन."

उत्तमसिंगभाऊ खाली पाहत होते. मामा मात्र चिडून उठले. आपल्याविरुद्ध सगळे एक झाले आहेत, एवढंच त्यांना त्यातून कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं आम्ही यवतमाळभर खोट शोधत फिरलो आणि ती आमच्या खुर्चीवर बसली होती. मला त्या सकाळी फार रडू आलं आणि मी रडले.

मामांना डॉक्टरकडे न्यायला संघदीपला पुष्कळ थापा माराव्या लागल्या. तपासण्या झाल्या. काही गोष्टी औषधानं सुधारतील, काही सुधारणार नाहीत, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. मामीवर त्या गोळ्यांत काही कालवल्याचा आरोपही सुरू झाला. आता आम्ही हसत नाही.

संघदीपनं रुपालीला सगळं खरं सांगून टाकलं. एका दुपारी ती माझ्या दुकानात उभी राहिली. मामा त्या वेळी दुकानातच होते. मामीला जरा उसंत मिळावी म्हणून मी त्यांना दुपारी आणून बसवते.

"बादलला शाळेत घातलं काय, काकू?" तिनं विचारलं.

मी मान खाली घातली. ती काही हसत नव्हती. "तुम्ही माझ्याबद्दल वॉचमनला विचारलं, लॅबमधल्या दादाला विचारलं. मलाच विचारलं असतं तर मी बसून सगळं सांगितलं असतं. दवाखान्यात मला डॉक्टर हसतात, कॉलेजात पोट्टे हसतात. जिथं जाते तिथं मी सगळ्यात ढ असते. वर्षभर तसंच राहायचं, तेच तर माझं शिक्षण आहे. त्यात तुम्ही मला चोर ठरवणार होते."

"मी नाई ठरवू दिलं," मी म्हणाले.

"मालूम आहे. म्हणून तर आले." मग म्हणाली, "माझं अजून ठरलं नाही. आता माझी आई तुमच्या घरची चौकशी करायला येणार आहे. पण नाव सांगून येईल."

फाटक जोरात लावल्याबद्दल मी तिची माफी मागितली. तिनं मामांसमोर वाकून जय भीम केला, त्यांच्या हाताची बोटं क्षणभर आपल्या हातात धरली आणि निघाली. मामा ती वळणापलीकडे जाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.

"कोणाची पोट्टी आहे हे?" त्यांनी विचारलं.

"मारेगावची आहे, मामा."

"चांगली दिसते. नजर सरळ आहे. आपल्या संघदीपसाठी पाहा लागते." मग त्यांनी जुन्या सवयीनं आवाज खाली आणला. "पण चौकशी केल्याबिगर हो म्हणू नोको."

"झाली चौकशी, मामा."

"कोणं केली?"

"तुमीच केली."

मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, किती तरी दिवसांनी. ते खुर्चीत नीट टेकून बसले. "मंग पक्कं," ते म्हणाले. "माह्या चौकशीत आजवर एक चूक निघाली नाई."

शिलाई मशीनचा आवाज थांबला. प्रेरणा मशीनवर बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं आधी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थोडी थांबली. मग तिनं ब्लाउजची बाही पुन्हा सुईखाली सरकवली आणि शिवायला लागली.